आग विझवायला पाणी किती लागतं? गोदामं मोजणाऱ्या जेम्स ब्रेडवूड यांची गोष्ट

दिवाळी झाली की वऱ्हाडात जिनिंगचा सीझन सुरू होतो. अकोला असो, अमरावती असो की अकोट-दर्यापूरकडचा पट्टा, जिनिंगच्या आवारात कापसाच्या पांढऱ्या गंज्या लागतात. आत रुई आणि सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जातात आणि त्या गोडाऊनमध्ये छतापर्यंत रचल्या जातात. रेच्यात एखादा खडा अडकून ठिणगी उडाली किंवा वायरिंग शॉर्ट झालं, तर पुढे काय होतं हे इथल्या लोकांना सांगायला नको.

आता एक प्रश्न. असं गोडाऊन पेटलं तर ते विझवायला किती पाणी लागेल? एक टँकर? दहा? की याचं काही गणित आहे?

गणित आहे. आणि त्याची सुरुवात साधारण दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या एका माणसापासून होते. त्यांचं नाव जेम्स ब्रेडवूड. जगभरातल्या अग्निशमन दलांमध्ये आजही हे नाव आदराने घेतलं जातं. आपल्यासाठी त्यांची गोष्ट जरा जास्तच जवळची आहे, कारण त्यांचा मृत्यू झाला तो कापूस, ताग आणि अंबाडीने भरलेल्या गोदामांच्या आगीत.

सुतारकामातून आलेली नजर

ब्रेडवूड यांचा जन्म १८०० साली एडिनबर्गमध्ये झाला. वडिलांचा फर्निचर आणि बांधकामाशी संबंधित व्यवसाय होता. शाळा झाल्यावर जेम्सही त्याच कामात शिरले. घर कसं उभं राहतं, भिंतीवर भार कुठून येतो, लाकडी तुळई जळाली की आधी काय कोसळतं, हे त्यांनी हाताने काम करत शिकून घेतलं.

त्या काळी आग विझवणं हे कुणा एकाचं काम नव्हतं. विमा कंपन्यांचे स्वतःचे बंब असायचे, गावातले लोक बादल्या घेऊन धावायचे, आणि जो मोठ्याने ओरडेल तो साहेब. १८२४ मध्ये एडिनबर्गने हे बदलायचं ठरवलं आणि शहराचं स्वतःचं अग्निशमन दल उभं केलं. ब्रिटनमधलं अशा प्रकारचं ते पहिलं दल मानलं जातं. त्याच्या प्रमुखपदी नेमलेल्या ब्रेडवूड यांचं वय होतं फक्त २४. म्हणजे आज इंजिनिअरिंग संपवून पहिला जॉब करणाऱ्या मुलाएवढं.

नवीन जॉबमध्ये सेट व्हायला वेळ मिळालाच नाही. काही आठवड्यांतच, १५ नोव्हेंबर १८२४ ला, एडिनबर्गच्या जुन्या वस्तीत आग लागली आणि ती दिवसेंदिवस पसरत गेली. शेकडो घरं गेली, माणसं मेली. ब्रेडवूड यांची माणसं अजून नीट तयार नव्हती. त्यात शहरातले मोठे अधिकारी जागेवर येऊन वेगवेगळे हुकूम देत होते. एक म्हणे इकडे पाणी मारा, दुसरा म्हणे तिकडे. चौकशी झाली तेव्हा दोष या गोंधळाकडे गेला, आणि पुढे आगीच्या जागी दलप्रमुखाचाच शब्द चालेल असं ठरलं.

पाणी किती, याआधी पाणी कुठे

यानंतर ब्रेडवूड यांनी दल घडवलं. माणसं निवडली ती गवंडी, सुतार, लोहार, छपरं घालणारे अशी. कारण साधं होतं: इमारत ज्याने बांधली आहे, त्याला ती जळताना कशी वागेल हे कळतं. सराव अंधारात, पहाटेच्या वेळी घ्यायचे, कारण खऱ्या आगीतही धुरामुळे काही दिसत नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा आग्रह होता की रस्त्यावर उभं राहून धुरावर पाणी मारू नका. आत शिरा, आगीचं मूळ शोधा आणि पाणी थेट त्यावर मारा. आज हे ऐकायला साधं वाटतं. पण तेव्हा बहुतेक ठिकाणी बाहेरून खिडकीत धार सोडायची पद्धत होती. त्यातलं बरंचसं पाणी भिंतीवर आपटून खाली वाहून जायचं. हजार लिटर फेकलं आणि आगीपर्यंत शंभरच पोहोचलं, तर हिशोबात शंभरच धरायचं.

एकदा पेटलेल्या दुकानात बंदुकीच्या दारूची पिंपं असल्याचं कळल्यावर ते स्वतः आत गेले आणि ती बाहेर काढून आले. त्यातून एक गोष्ट दिसते. आत काय साठवलंय हे माहीत असणं, हासुद्धा त्यांच्या हिशोबाचा भाग होता.

१८३० मध्ये त्यांनी बंबांची रचना, माणसांचं प्रशिक्षण आणि आगीच्या वेळी काम कसं करायचं यावर पुस्तक लिहिलं. इंग्रजीत या विषयावरचं ते सुरुवातीचं महत्त्वाचं पुस्तक. लंडनच्या विमा कंपन्यांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. या कंपन्यांनी आपापले बंब एकत्र करून एकच दल बनवलं होतं. १८३३ मध्ये ब्रेडवूड त्याचे प्रमुख झाले. हाताखाली सुमारे ८० माणसं, आणि सांभाळायला जगातलं सगळ्यात मोठं शहर.

पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८३४ ला, ब्रिटनची संसद जळाली. कारण ऐकून आजच्या टेकवाल्यांना गंमत वाटेल: जुना डेटा डिलीट करताना आग लागली! सरकारी हिशोब ठेवण्याच्या जुन्या लाकडी काठ्या भट्टीत जाळत होते, भट्टी जास्त तापली आणि सगळी इमारत पेटली. बाकी बरंच गेलं, पण मध्ययुगातला वेस्टमिन्स्टर हॉल वाचला.

डेटा पॅक आणि स्पीड

आता गणिताकडे येऊ. तुमच्या फोनमध्ये दिवसाला २ जीबी डेटा आहे, पण स्पीड कासवाचा आहे. व्हिडिओ चालेल का? नाही, अडकत राहील. आगीचंही असंच असतं. टाकीत किती लिटर पाणी आहे हा झाला डेटा पॅक. मिनिटाला किती लिटर आगीवर पडतंय हा झाला स्पीड. आग दर सेकंदाला उष्णता तयार करत असते. पाणी त्यापेक्षा कमी वेगाने उष्णता शोषत असेल, तर दिवसभर पाणी मारा, आग हरणार नाही.

ब्रेडवूड यांच्या लंडनमधल्या हातपंपाच्या बंबाला ७ इंच व्यासाचे दोन सिलिंडर असायचे आणि दट्ट्या ८ इंच चालायचा. प्रत्येक सिलिंडरचे मिनिटाला ४० झटके धरले तर कॅल्क्युलेटरवर उत्तर येतं साधारण ८८ गॅलन, म्हणजे मिनिटाला ४०० लिटर. त्यासाठी वीस-पंचवीस माणसांना दांडा वरखाली करावा लागायचा. ही माणसं रस्त्यावरच्या गर्दीतूनच घ्यायचे, पहिल्या तासाला एक शिलिंग आणि वर बिअर!

पाणी यायचं कुठून? रस्त्याखालच्या पाइपला ठिकठिकाणी बुचं असायची. पण पाणी कंपन्या चोवीस तास पाणी सोडत नव्हत्या. आधी व्हॉल्व्ह उघडणारा माणूस शोधा, मग पाणी येण्याची वाट बघा. नळाला रोज पाणी नसणं म्हणजे काय, हे अकोलेकरांना वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणजे ब्रेडवूड यांच्याकडे स्पीडची मर्यादा ठरलेली होती. एवढे बंब, एवढी माणसं, एवढं पाणी. वाफेवर चालणारा बंब १८२९ मध्येच तयार झाला होता, पण तो घ्यायला ते बरीच वर्षं तयार नव्हते. त्याला पुरेल एवढं पाणीच पाइपमध्ये नाही, आणि मोठी धार हातात आली की माणसं आत शिरणं सोडून पुन्हा रस्त्यावरूनच पाणी मारतील, अशी त्यांना भीती होती. यावर त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. नदीवर तरंगणारे वाफेचे बंब त्यांनी पुढे वापरले, आणि रस्त्यावरचा वाफेचा बंब १८६० च्या सुमारास दलात आला.

६० फुटांचा ठोकळा

ब्रेडवूड यांनी मग प्रश्नच उलटा केला. एवढ्या मोठ्या आगीला किती पाणी लागेल, असं विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं: माझ्याकडे आहे तेवढ्या पाण्यात जास्तीत जास्त केवढी आग आटोक्यात येईल?

अनुभवातून त्यांचं उत्तर आलं: ६० फूट लांब, ६० फूट रुंद आणि ६० फूट उंच. म्हणजे २,१६,००० घनफूट. गोदामाचा एक अखंड भाग यापेक्षा मोठा असेल आणि तो पूर्ण पेटला, तर लंडनचं दल तो विझवू शकेल याची खात्री देता येत नाही. म्हणून मोठी गोदामं जाड भिंतींनी तोडा, मधे लोखंडी दारं बसवा, असं ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. लंडनच्या १८५५ च्या इमारत कायद्यात गोदामांसाठी २,१६,००० घनफुटांचा हाच आकडा आला.

आज आपण हा आकडा तपासून बघू शकतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवामध्ये कीथ रॉयर आणि बिल नेल्सन यांनी खऱ्या इमारतींमध्ये आगी लावून प्रयोग केले. त्यातून आलेलं सूत्र आयोवा फॉर्म्युला म्हणून ओळखलं जातं. मेट्रिकमध्ये ते असं सांगता येईल:

खोलीचे घनमीटर × ४ ÷ ३ = मिनिटाला लागणारे लिटर

आणि एवढ्या वेगाने, नीट फवारून, साधारण अर्धा मिनिट पाणी मारलं तर ज्वाळा आटोक्यात याव्यात.

आधी एक छोटी खोली घेऊ. ४ मीटर × ३ मीटर × ३ मीटर म्हणजे ३६ घनमीटर. सूत्राने मिनिटाला ४८ लिटर, अर्ध्या मिनिटाला २४ लिटर. एवढंच? हो, कारण खरं काम वाफ करते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,७०० पट फुगतं. २४ लिटर पाण्याची ४० घनमीटर वाफ होते, म्हणजे खोली भरून थोडी उरते. ती उष्णता शोषते आणि ऑक्सिजनलाही बाहेर ढकलते. (पण म्हणून दोन बादल्या घेऊन पेटलेल्या खोलीत शिरू नका. बादलीचं पाणी एका जागी पडतं, त्याचा फवारा होत नाही. आणि ती वाफ माणसाला भाजते.)

आता ब्रेडवूड यांचा ठोकळा. २,१६,००० घनफूट म्हणजे सुमारे ६,१०० घनमीटर. सूत्राने मिनिटाला साधारण ८,१०० ते ८,२०० लिटर. एका हातपंपाचे ४०० लिटर धरले तर झाले २० बंब, आणि दांडे मारायला जवळपास ५०० माणसं. एका आगीसाठी त्या काळी एवढं जमवणं म्हणजे कमालच. सूत्र त्यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी आलं, पण मर्यादा त्यांनी अनुभवाने बरोबर जागी आखली होती.

पाणी नको, गॅस मारला तर?

गॅसचं गणितही घनमीटरवरच चालतं. कार्बन डायऑक्साइडने आग विझवायची तर बंद खोलीतल्या हवेत त्याचं प्रमाण साधारण ३४ टक्क्यांपर्यंत न्यावं लागतं. त्यासाठी दर घनमीटरला पाऊण किलोच्या आसपास गॅस लागतो. आपल्या ३६ घनमीटरच्या खोलीला सुमारे २७ किलो, म्हणजे ऑफिसात लटकवलेले साडेचार किलोचे सहा सिलिंडर. म्हणून तो एक सिलिंडर इलेक्ट्रिक पॅनलच्या छोट्या आगीसाठी असतो, अख्ख्या खोलीसाठी नाही. शिवाय एवढ्या गॅसमध्ये माणूस जिवंत राहत नाही, त्यामुळे खोली आधी रिकामी करावीच लागते.

ब्रेडवूड यांच्या काळातही विल्यम फिलिप्स नावाच्या संशोधकाने गॅस आणि वाफ सोडणारं आग विझवण्याचं यंत्र काढलं होतं. त्याचा बराच गाजावाजा झाला, पण ते टिकलं नाही. दारं-खिडक्या उघड्या असल्या की गॅस निघून जातो, ही अडचण आजही तशीच आहे.

टूली स्ट्रीट, १८६१

२२ जून १८६१, शनिवार. संध्याकाळी पाचच्या सुमारास थेम्स नदीकाठच्या टूली स्ट्रीटवर, कॉटन्स व्हार्फ नावाच्या धक्क्यावरच्या गोदामात आग लागली. आत होता कापूस, ताग, अंबाडी, साखर, चरबी, चहा, मसाले. मधे लोखंडी दारं होती, पण ती उघडी राहिली होती.

हे नीट समजून घ्या. दार बंद असेल तर दोन खोल्या, दोन वेगळे आकडे. दार उघडं असेल तर एकच मोठी खोली. कागदावर गोदामं तोडलेली होती, त्या दिवशी ती जोडली गेली. त्यात थेम्सला ओहोटी होती. नदी समोर असूनही सुरुवातीला बंबांना पाणी मिळेना.

६० वर्षांचे ब्रेडवूड नेहमीप्रमाणे पुढे होते. उष्णतेने थकलेल्या आपल्या माणसांना ब्रँडी वाटत, त्यांची विचारपूस करत ते फिरत होते. तेवढ्यात एका गोदामाची भिंत फुगली आणि कोसळली. ते जागीच गेले. ढिगाऱ्यातून त्यांचा देह काढायला दोन दिवस लागले. आग मात्र दोन आठवडे धुमसत राहिली.

२९ जूनला त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा रांग दीड मैल लांब होती. विमा कंपन्यांचं नुकसान सुमारे २० लाख पौंडांवर गेलं. एवढा बोजा आम्ही उचलणार नाही, शहराने स्वतःचं दल ठेवावं, असं त्यांनी सरकारला सांगितलं. १८६५ मध्ये कायदा झाला आणि १८६६ पासून लंडनला सार्वजनिक पैशांवर चालणारं दल मिळालं. जे एडिनबर्गने १८२४ मध्ये केलं होतं, ते लंडनला करायला ब्रेडवूड यांचा जीव जावा लागला. आपल्याकडे मुंबईच्या १८८८ च्या महानगरपालिका कायद्याने अग्निशमन दल ठेवणं हे पालिकेचं बंधनकारक काम ठरवलं.

कापूस तोच, आग तीच

१८६१ हेच साल वऱ्हाडासाठीही महत्त्वाचं आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. पुढच्या काही वर्षांत अकोला, बडनेरामार्गे नागपूरपर्यंत रेल्वे आली. कापसासोबत मोठी गोदामं आली, आणि ब्रेडवूड यांचा प्रश्नही आला.

मुंबईने त्याचं सगळ्यात भीषण रूप पाहिलं ते १४ एप्रिल १९४४ ला. व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकीन या जहाजात कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकंही. कापूस पेटला. जवानांनी ९०० टनांहून जास्त, म्हणजे नऊ लाख लिटर पाणी ओतलं. पण दाट धुरात आगीचं मूळ सापडेना. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या आठवणीत आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

आता आपलं गोडाऊन मोजू. ३० मीटर × २० मीटर × ८ मीटर, म्हणजे ४,८०० घनमीटर. सूत्राने मिनिटाला ६,४०० लिटर, अर्ध्या मिनिटात ३,२०० लिटर. ४,५०० लिटरच्या एका बंबात एवढं पाणी असतं, पण ते एवढ्या वेगाने सोडायला एकाच वेळी बऱ्याच धारा लागतात. पुन्हा तेच, डेटा पॅक आहे पण स्पीड नाही.

आणि कापसाची अजून एक खोड आहे. ज्वाळा विझल्या तरी गाठ आतून धुमसते. १७० किलोच्या एका गाठीत साधारण २,८०० मेगाज्यूल उष्णता दडलेली असते, आणि एक लिटर पाणी पूर्ण वाफ होईपर्यंत २.६ मेगाज्यूल शोषतं. म्हणजे एक गाठ पूर्ण जळली तर तिच्या उष्णतेला हजाराहून जास्त लिटर. शंभर गाठींना एक लाख लिटरच्या वर, तेही एक थेंब वाया न जाता! म्हणून जवान पाणी मारत बसत नाहीत, गाठी बाहेर ओढून फोडतात. खारपाणपट्ट्यात तर बोअरचं खारं पाणी आगीला चालतं, पण वाचलेला माल आणि पंप दोन्ही खराब करतं.

म्हणून ब्रेडवूड यांच्या आयुष्याचा अर्थ माझ्या मते एवढाच आहे: आगीला पाणी किती लागेल, हे आग लागल्यावर ठरत नाही. ते गोडाऊन बांधताना, भिंत घालताना आणि रात्री कुलूप लावताना ठरतं. मधल्या एका भिंतीने आकडा निम्मा होतो. उघड्या राहिलेल्या एका दाराने तो दुप्पट होतो.

तुमच्या घरचं, मामाचं किंवा गावातल्या कुणाचं गोडाऊन असेल, तर आज फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा. लांबी × रुंदी × उंची, गुणिले ४, भागिले ३. आलेला आकडा, आवारातल्या टाकीचे लिटर आणि पंप मिनिटाला किती लिटर देतो, हे तिन्ही शेजारी शेजारी लिहा. मधलं दार बंद होतं की त्याच्यासमोर गाठी रचल्यात, तेही बघून घ्या. आणि १०१ व ११२ हे दोन नंबर आवारातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या.